आईवडिलांच्या घरी कॅमेरा लावताय? आधी तो बघणार कोण, ते ठरवा

२०२५च्या एप्रिलमध्ये दोनापावलाला आणि ऑक्टोबरमध्ये म्हापशाच्या गणेशपुरीत बंगल्यांवर दरोडे पडले. तेव्हापासून गोव्यातल्या घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कॅमेऱ्यांच्या लिंक फिरतायत. मुलगा दुबईला, मुलगी पुण्याला, आणि फोंड्याच्या किंवा डिचोलीच्या आतल्या वाड्यावर पंच्याहत्तरीच्या पुढची आई एकटी, अशी घरं आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत. मुलं सुट्टीला येतात, चार दिवसांत दुकान गाठतात. दुकानदार विचारतो, डोम हवा की बुलेट? दोन मेगापिक्सेल की पाच? चार चॅनेल की आठ? यातलं काहीच कळत नसल्यामुळे मुलं म्हणतात, ‘वापरायला सोपा असेल तो द्या.’

सोपा, पण कोणासाठी? कॅमेरा लावायचा आईच्या घरी, बघायचा मुलाच्या फोनवर आणि बंद पडला तर चालू करायचा भलत्याच कुणीतरी. या तिघांची सोय वेगवेगळी असते. घ्यायचा कॅमेरा कोणता, याचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

## काय बघायचंय?

घरच्यांना विचारलं की ‘सुरक्षेसाठी’ असं एका शब्दात उत्तर येतं. खोदून विचारलं तर त्यात दोन गोष्टी निघतात. एक, फाटकावर कोण आलंय ते कळावं. दुसरी, आई सकाळी उठली का, हिंडतेफिरते आहे का, ते कळावं. पहिल्यासाठी कॅमेरा बाहेर लागतो, पावसात टिकणारा, रात्री दिसणारा. दुसऱ्यासाठी तो घरात, आईच्या राहत्या जागेत येतो, आणि तिथे प्रश्न तंत्राचा कमी आणि मानाचा जास्त असतो. एकाच कॅमेऱ्यात दोन्ही बसवायला गेलं की तो ओसरीच्या कोपऱ्यात लागतो आणि त्यात फाटकही धड दिसत नाही, आईही दिसत नाही.

दरोड्याच्या भीतीने घेत असाल तर अपेक्षा जरा खाली आणा. तोंडाला फडकं बांधून आलेला माणूस कॅमेऱ्याला फारसा घाबरत नाही. माणूस जवळ आला की आपोआप लागणारा अंगणातला दिवा, खिडक्यांचे गज, मागच्या दाराची भक्कम कडी आणि हाकेच्या अंतरावरचा शेजारी यांचा उपयोग आधी होतो. कॅमेऱ्याचा खरा उपयोग रोजच्या बारीकसारीक गोष्टींना आहे: वीजखात्याचा माणूस म्हणून आलेला अनोळखी, गॅसची ‘तपासणी’ करायला आलेले दोघे, फाटक उघडं टाकून गेलेला, नारळ पाडणारा पाडेली.

आई पडेल या भीतीने घेत असाल तरी तेच. म्हातारी माणसं पडतात ती बरेचदा न्हाणीघरात, आणि तिथे कॅमेरा लावायचा नसतो. तिथे भिंतीला धरायचा दांडा, खाली न घसरणारी चटई आणि हाताला येईल अशी बिनतारी बेल लावा. ते कॅमेऱ्याहून स्वस्तही पडतं.

## आतली गोष्ट थोडक्यात

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. जुन्या पद्धतीत कॅमेऱ्यापासून वायर निघून घरातल्या एका डब्यात जाते. या डब्याला डीव्हीआर म्हणतात. त्यात हार्ड डिस्क असते आणि तिच्यावर चित्रण साठतं. दुकानं, सोसायट्या, देवळं यांना ही पद्धत चांगली. घराच्या बाबतीत अडचण अशी, की डबा टीव्हीखाली समोरच ठेवलेला असतो आणि जाणकार चोर जाताना तोही उचलून नेतो. शिवाय काही बिघडलं की बसवणाऱ्यालाच बोलवावं लागतं, आणि चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात तो भेटत नाही.

दुसरा प्रकार वायफायचा. प्रत्येक कॅमेरा सुटा, त्याच्या पोटात बोटाच्या नखाएवढं मेमरी कार्ड. घरातल्या इंटरनेटवरून चित्र कंपनीच्या संगणकांमार्फत तुमच्या फोनवरच्या ॲपमध्ये येतं. चित्रण कंपनीच्याच संगणकावर साठवून ठेवायचं असेल तर त्याला क्लाउड म्हणतात आणि त्यासाठी बहुतेक कंपन्या महिन्याला किंवा वर्षाला पैसे घेतात. सीपी प्लस, क्यूबो ही नावं दुकानात सहज दिसतात. एकट्या माणसाच्या घराला मी हाच प्रकार सुचवेन. दोन सुटे कॅमेरे पुरतात, आणि एक बिघडला तर दुसरा चालू राहतो.

## म्हाताऱ्या माणसाला सोपा म्हणजे कसा?

ज्याला तिने हातच लावायचा नाही, तो. ही एकच कसोटी धरली की दुकानातली निम्मी फडताळं गळून पडतात.

बॅटरीवर चालणारे कॅमेरे दिसायला छान आणि वायरची कटकट नसलेले असतात. पण ते दर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी काढून चार्ज करायचे म्हणजे कुणीतरी शिडीवर चढणं आलं. तुम्ही मडगावला आणि आई वाळपईला असेल तर ते काम एक दिवस तीच करायला जाईल, आणि तुम्हाला नको असलेला प्रसंग कॅमेऱ्यापायीच ओढवेल. त्यामुळे वीज जोडलेलाच घ्या. वायर भिंतीला क्लिपांनी पक्की करा. जमिनीवरून नेऊन पायात येईल अशी मुळीच ठेवू नका.

प्लगवर ठळक अक्षरांत ‘कॅमेरा, काढू नये’ असं लिहून चिकटवा. फोनच्या चार्जरला जागा हवी म्हणून घरकामाच्या बाईने किंवा नातवाने तोच प्लग काढलेला असतो आणि मुलगा तिकडे परदेशात ‘ऑफलाइन’ बघून घाबराघुबरा होतो. असली कितीतरी फोनाफोनी मी ऐकली आहे.

दारात कोण आलंय हे आईला स्वतःलाच बघायचं असेल, तर तिच्या फोनवर ॲप घालून देण्यापेक्षा व्हिडिओ डोअर फोन घ्या. बाहेर बेल आणि बारीक कॅमेरा, आत भिंतीवर पुस्तकाएवढा पडदा. बेल वाजली की पडदा आपोआप उजळतो, आणि बोलायचं असेल तर एकच बटण दाबायचं. वायरवाल्या साध्या प्रकाराला इंटरनेट लागत नाही, पासवर्ड लागत नाही. फोन चष्मा लावून उघडेपर्यंत बेल वाजवणारा निघून गेलेला असतो. या पडद्याचं तसं होत नाही. पोदेराची पावाची पिशवी घ्यायला उठायचं की मीटर बघायला आलेल्याला ‘थांब’ म्हणायचं, हे खुर्चीजवळूनच ठरवता येतं. कॅमेऱ्यांच्या जाहिरातींत या साध्या यंत्राचा पत्ता नसतो, पण सत्तरीपुढच्या माणसाला सगळ्यांत जास्त वापरता येणारी वस्तू मला हीच वाटते.

## चिरे, पाऊस आणि गडगडाट

आता गोव्यापुरतं. शहरातल्या फ्लॅटसाठी लिहिलेले सल्ले आपल्या घरांना लागू पडत नाहीत.

चिऱ्यांच्या जुन्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात. राउटर देवघराच्या खोलीत आणि कॅमेरा फाटकाकडे असेल तर मधल्या दोन भिंतींत वायफायचा जीव जातो. वायफाय दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिला हळू, पण भिंतीतून जास्त आरपार जाणारा. घरगुती कॅमेरे बहुतेक त्यावरच चालतात. म्हणून कॅमेरा विकत घेण्याआधी एक सोपी परीक्षा करा. जिथे तो लावायचा तिथे आपला फोन घेऊन उभे राहा, मोबाइल डेटा बंद करा आणि त्या वायफायवरून कुणालातरी व्हिडिओ कॉल लावा. चेहरा अडखळत असेल तर कॅमेराही अडखळेल. मग राउटर ओसरीजवळ हलवा, किंवा तिथपर्यंत केबल ओढून दुसरा राउटर लावा.

ब्रॉडबँड पोचलेलंच नसेल तर सिमकार्डवर चालणारे फोर-जी कॅमेरे मिळतात. साध्या दर्जाचं चित्र तासभर थेट बघितलं तर साधारण ४५० एमबी डेटा जातो, म्हणजे सतत बघत बसण्याची चैन तिथे नाही. आणि ज्या वाड्यावर फोनवर बोलायला माडाखाली जावं लागतं, तिथे हा पर्यायही बाद.

बाहेरच्या कॅमेऱ्यावर आयपी६५, आयपी६६, आयपी६७ असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आपल्या पावसाला ६६ तरी असावा, आणि तरीही तो पागोळ्यांच्या आत लावावा. कॅमेरा सहसा बुडत नाही, बुडतो तो त्याचा वायरचा जोड. हा जोड बंद डबीत घ्या आणि वायरला डबीच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल. कांदोळी-कोलव्यासारख्या किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या हवेने स्क्रू गंजतात, तिथे स्टेनलेस स्टीलचेच मागा.

रात्री कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकून बघतो. त्याच्याभोवती किडे येतात, किड्यांमागे पाल, आणि कोळी तर काचेसमोरच संसार मांडतो. मग रात्रभर पांढरी रेघ हलताना दिसते आणि फोन ‘हालचाल आढळली’ म्हणत राहतो. यावर उपाय केरसुणीचा. महिन्यातून एकदा लांब दांड्याच्या झाडूने कुणीतरी जाळं काढायचं. ‘कुणीतरी’ म्हणजे कोण, ते आधी ठरवून ठेवा.

विजेचं तर विचारूच नका. वीज गेली की आधी राउटर बंद होतो, मग कॅमेरा चालू असला तरी आंधळ्यासारखाच. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटर, फायबरची डबी आणि कॅमेरा, तिन्ही त्याच्या लाइनवर घ्या. नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस, म्हणजे बॅटरीचा डबा, मिळतो, तो काही तास निभावतो. घेताना व्होल्टेज बघा: राउटर बहुतेक १२ व्होल्टचे, घरातले बरेचसे कॅमेरे ५ किंवा ९ व्होल्टचे. ॲडॉप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. बसवणारा जाण्याआधी त्याच्यादेखत मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करा. कोणी काही न करता कॅमेरा आपोआप परत फोनवर दिसायला लागला, तरच पैसे चुकते करा.

आणि मे-ऑक्टोबरातला गडगडाट. आकाशात पहिला आवाज झाला की आपल्या आया घरातले सगळे प्लग काढत सुटतात. टीव्ही, फ्रिज, राउटर, सगळं. त्यांच्याशी वाद घालू नका, कारण त्यांचं बरोबर आहे: विजेच्या झटक्याने राउटर आणि डीव्हीआर जळतात. तेवढा वेळ कॅमेरा बंद राहील हे धरून चाला.

## चित्रण किती दिवस राहतं?

मेगापिक्सेल म्हणजे चित्राचा बारकावा. दोन मेगापिक्सेलचं चित्र नव्या पद्धतीने दाबून सेकंदाला सुमारे एक मेगाबिट वेगाने साठवलं, तर दिवसाला दहा-अकरा जीबी होतात. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर सहा दिवसांच्या आसपास, १२८ जीबीवर त्याच्या दुप्पट. कार्ड भरलं की जुनं पुसून नवं चढतं. मेगापिक्सेल वाढवले की दिवस कमी होतात, म्हणून दुकानदाराच्या पाच आणि आठ मेगापिक्सेलला भुलू नका. ओसरीवरचा चेहरा ओळखायला दोन-तीन पुरतात. कार्ड मात्र साधं घेऊ नका. सतत लिहून साधी कार्डं लवकर दमतात. कॅमेऱ्यांसाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ असा शिक्का असलेली वेगळी कार्डं येतात.

## ‘पण फोन दिवसभर वाजत राहील की!’

वाजेल. सकाळी पोदेर, मग दूधवाला, मासे विकणारी नुस्तेकान्न, शेजाऱ्यांचा कुत्रा, वाऱ्याने हलणारी केळ. तीन दिवसांत तुम्ही सूचना बंद कराल आणि चौथ्या दिवसापासून कॅमेरा असून नसल्यासारखा. घेताना ‘माणूस ओळखणे’ ही सोय आहे का बघा, म्हणजे केळीच्या पानावर तो बोंबलणार नाही. ॲपमध्ये चित्रावर बोटाने चौकट आखता येते. रस्ता बाहेर ठेवा, फाटकापासून आतलंच घ्या. दिवसाच्या सूचना बंद आणि रात्री दहा ते सकाळी सहा चालू, असं वेळापत्रकही लावता येतं.

आता मुख्य मुद्दा. रात्री दोनला दुबईत फोन वाजला, अंगणात कोणीतरी दिसलं, पुढे काय? तुम्ही ११२ फिरवाल, तर तिकडून गोव्याची पोलीस यंत्रणा लागणार नाही. म्हणून ॲपमधून ‘शेअर’ करून बाहेरचा कॅमेरा गोव्यातल्याच एका माणसाला दाखवा: समोरचा शेजारी, मावसभाऊ, कुणीही, ज्याच्याकडे घराची जादा किल्ली आहे आणि जो रात्री फोन उचलतो. फक्त बाहेरचाच. घरातला कॅमेरा त्याला नको. असा माणूस नसेल तर आधी तो शोधा, कॅमेरा नंतर घ्या.

## ‘कॅमेरा हॅक झाला तर?’

ही भीती फुकाची नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातले लाखो कॅमेरे, राउटर आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. कारखान्यातून आलेले पासवर्ड लोकांनी बदललेच नव्हते, एवढंच तिला पुरलं. २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं चित्रण बाहेर विकलं जात असल्याचं उघडकीला आलं. ‘admin’सारखा पासवर्ड तसाच ठेवणं म्हणजे दाराला गोदरेजचं कुलूप लावून किल्ली चौकटीवर ठेवणं.

‘चिनी नको’ एवढं म्हणून मात्र भागत नाही. भारतीय नावाच्या डब्यातही सुटे भाग बाहेरचे असू शकतात. त्यापेक्षा नियम धरा. ९ एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली आहे. खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो क्रमांक घातला की कंपनीचं नाव दिसतं. ऑनलाइन सातशे-आठशे रुपयांत मिळणाऱ्या, बल्बच्या आकाराच्या निनावी कॅमेऱ्यांवर हा क्रमांक नसेल तर तो विषय तिथेच संपवा.

पासवर्ड लांब ठेवा, आणि ॲपमध्ये दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर येणारा कोड, चालू करा. खातं मुलाच्या किंवा मुलीच्या ईमेलवर उघडा, बसवणाऱ्याच्या कधीच नाही. तो घाईत स्वतःच्याच फोनवर सगळं सुरू करून देतो आणि मग तुमच्या घराची चावी त्याच्याकडे राहते.

## ‘आईलाच नको असेल तर?’

मग घरात लावू नका. बाहेर लावा.

फसवून लावलेला कॅमेरा लपत नाही. कपाटावरच्या त्या वस्तूचा हिरवा दिवा कसला, हे दुसऱ्याच दिवशी कामवाली विचारते. आपल्याच घरात पदर सारखा करून वावरावं लागणं कुणाला आवडेल? माझ्या ओळखीतल्या एका काकींनी घरातल्या कॅमेऱ्यावर पूजेचं वस्त्र टाकून ठेवलं होतं. मुलगा मला म्हणाला, ‘तिला ते काढायला सांग.’ मी सांगितलं नाही.

आई तयार असेल तर जागा तिने ठरवावी. बैठकीची खोली किंवा स्वयंपाकघराचं दार पुरतं. झोपायची खोली आणि न्हाणीघर वर्ज्य. काही कॅमेऱ्यांना लेन्स झाकायचं झडप असतं, पाहुणे आले की ते खाली ओढता येतं, असाच घ्या. कॅमेऱ्यातल्या स्पीकरवरून अचानक बोलू नका. रिकाम्या खोलीत मुलाचा आवाज आला तर माणूस दचकून पडेल. आधी फोन करा. घरात राहणारी मदतनीस असेल तर तिलाही कॅमेरा दाखवून सांगा. बाईच्या खाजगी क्षणांचं चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे.

गोव्यात आणखी एक पेच. वडिलोपार्जित घर चार भावांचं, राजांगण, म्हणजे घराच्या मधलं अंगण, सामाईक. कोलकात्यात एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या अशाच वादात, राहत्या भागात सोबत राहणाऱ्याच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवणं हा त्याच्या खाजगीपणाचा भंग आहे, असं कलकत्ता उच्च न्यायालयाने म्हटलं आणि २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. तेव्हा राजांगणाकडे कॅमेरा वळवण्याआधी काकांना विचारा. शेजाऱ्यांची विहीर आणि खिडक्याही चौकटीत येऊ देऊ नका.

## खर्च, आणि काही घडलंच तर

बाहेरचा एक चांगला कॅमेरा, कार्ड, राउटरचा छोटा यूपीएस आणि वायरिंगची मजुरी मिळून आठ-दहा हजारांत काम होतं. व्हिडिओ डोअर फोन घेतला तर आणखी पाच-सहा हजार. दर महिन्याचा क्लाउडचा खर्च मला गरजेचा वाटत नाही, फक्त फाटकाचा कॅमेरा हाताला येईल इतका खाली असेल तर घ्या, कारण कॅमेरा उपटून नेला की कार्डही जातं. दहा फूट उंचीवर लावला तर तो प्रश्न बराचसा मिटतो. त्याहून वर नको, नाहीतर चेहऱ्याऐवजी टोप्याच दिसतील.

चोरी झाली, कुणी फसवून पैसे नेले, तर पहिला फोन ११२ ला, आणि बँकेतून पैसे गेले असतील तर १९३० ला. आईला धीर किंवा सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही वेगळी हेल्पलाइन आहे. चित्रण व्हॉट्सॲपवर पाठवलं की दर्जा घसरतो आणि मूळ फाइल राहत नाही, त्यामुळे पोलिसांना तो व्हिडिओ पुरणार नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्रही लागतं. शेजाऱ्याला सांगा, कॅमेरा बंद करून कार्ड काढ, लिफाफ्यात घालून तारीख-वेळ लिही आणि कॅमेऱ्यात दुसरं कार्ड घाल. आठवडाभर तेच कार्ड आत राहिलं तर नवं चित्रण त्यावर चढून जाईल. त्यासाठी एक कोरं कार्ड त्याच्याकडे आधीपासूनच देऊन ठेवा.